एका आमटीत दोनदा मीठ

घरात नवी वस्तू आली की जुनी आधी कोपऱ्यात जाते, मग माळ्यावर चढते आणि शेवटी भंगारवाल्याच्या हातगाडीवरून निघून जाते. हा क्रम आम्ही आजवर इतक्या वेळा पाहिला आहे की, गेल्या श्रावणात आमचा पुतण्या ‘काका, मी हा अ‍ॅम्प्लिफायर विकून टाकतो’ असे म्हणाला, तेव्हा आम्हांस नवल वाटावयास नको होते. तरीही ते वाटले; आणि नवलापेक्षा वाईट अधिक वाटले.

त्यास कारणही तसेच होते. आमच्या वहिनींचे धाकटे बंधू वीसएक वर्षे अमेरिकेत नोकरी करून बडोद्यास परतले, तेव्हा सामानातून त्यांनी दोन वस्तू जिवापाड जपून आणल्या होत्या. एक इलेक्ट्रिक गिटार आणि दुसरी गिटारीचीच पंधरा वॉटची, व्हॉल्व्हवर चालणारी अ‍ॅम्प्लिफायर-पेटी. दोन्ही त्यांनी भाच्याच्या हवाली केल्या आणि पुढच्याच वर्षी ते गेले. तेव्हापासून माडीवर ती पेटी बोलू लागली की वहिनी हातातले काम क्षणभर थांबवतात, हे घरातील साऱ्यांस ठाऊक आहे. मात्र त्याविषयी कोणी बोलत नाही.

यंदा पुतण्यास नोकरी लागली आणि पहिल्या काही पगारांतून त्याने एक डिजिटल इफेक्ट्स प्रोसेसर विकत घेतला. पायाने दाबावयाच्या कळांची ती एक चपटी पेटी. वादकाने वाजवलेल्या सुरास प्रतिध्वनी देणे, देवळाच्या गाभाऱ्यासारखा घुमारा आणणे, एका गिटारीच्या चार भासवणे, ही तिची कामे. नवरात्रात गरब्याच्या वाद्यवृंदात वाजविण्याचे आमंत्रण त्यास आले होते, त्याचीच ही तयारी. परंतु प्रोसेसर पेटीस जोडला मात्र, आणि माडीवरून असा काही आवाज येऊ लागला की, पत्र्याच्या डब्यात भुंगा कोंडून वर गोधडी टाकावी! गुणगुण आहे, पण उठाव नाही. कर्कशपणा आहे, पण सूर कळत नाही. शिवाय वाजवणे थांबले तरी ‘हूं’ अशी एक अखंड गुरगुर. पुतण्याने आठवडाभर कळा फिरवल्या आणि निष्कर्ष काढला की नवे यंत्र चांगले असून जुनी पेटीच निकामी आहे. गिऱ्हाईकही पाहून ठेवले होते.

आम्ही त्याच्याकडून केवळ आठ दिवसांची मुदत मागून घेतली आणि मिस्त्रीकाकांकडे गेलो.

मिस्त्रीकाका म्हणजे आमच्या गल्लीच्या तोंडाशी रेडिओदुरुस्तीचे दुकान चालविणारे गृहस्थ. गिऱ्हाइकांशी गुजराथीत आणि आमच्याशी मराठीत बोलणारे. दुकान कधीच बंद झाले आहे, वय ऐंशीच्या घरात आहे. परंतु आमच्या वडिलांचा व्हॉल्व्हचा रेडिओ त्यांनीच कैक वर्षे चालता ठेवला होता. ज्यांनी तो काळ पाहिला त्यांना आठवत असेल की, कळ फिरवली तरी रेडिओ लगेच बोलत नसे. आत केशरी उजेड धरे, पाठीमागून गरम धुळीचा वास येई आणि मग दुरून कोणी चालत यावे तसा आवाज जवळ येई. मिस्त्रीकाकांनी पेटीच्या पाठच्या जाळीतून आत डोकावून पाहिले आणि म्हणाले, “भाऊ, हे दोन ईएल ८४ तर आपल्या रेडिओतलेच. ओळखीची माणसे निघाली!”

ती ओळख योगायोगाची नव्हे. गिटारीच्या अ‍ॅम्प्लिफायरचे कूळ रेडिओचेच आहे. कॅलिफोर्नियातील फुलर्टन गावी १९३८ साली लिओ फेंडर यांनी रेडिओदुरुस्तीचे दुकान काढले होते. त्यातूनच पुढे त्यांचे गिटार आणि अ‍ॅम्प्लिफायर जगभर गेले. लंडनच्या पश्चिमेकडील हॅनवेल भागात वाद्यांचे दुकान चालविणारे ड्रमवादक जिम मार्शल यांनी आपल्या सहकाऱ्यांसह फेंडर यांच्याच एका अ‍ॅम्प्लिफायरची मांडणी समोर ठेवून १९६२ च्या सुमारास स्वतःचा पहिला अ‍ॅम्प्लिफायर बांधला. रॉक संगीताचा जो आवाज आपण ओळखतो तो मुख्यतः या दोन दुकानांतून निघाला, असे म्हणावयास हरकत नाही.

आणि व्हॉल्व्ह तरी काय असतो? हवा काढून घेतलेली एक काचेची नळी. आत एक तापलेली पट्टी. तिच्यापासून इलेक्ट्रॉन सुटतात आणि समोरच्या, शेकडो व्होल्टचा दाब दिलेल्या पट्टीकडे धावतात. १९०६ साली अमेरिकेत ली डी फॉरेस्ट यांनी या दोहोंच्या मध्ये तारेची एक जाळी बसविली. कालव्याच्या मुखावरची फळी बोटाने किंचित हलवावी आणि त्यासरशी सगळ्या शेताचे पाणी कमीजास्त व्हावे, तसे त्या जाळीवरच्या क्षीण विद्युत्‌संदेशाने मोठा प्रवाह हलू लागतो. गिटारीच्या तारेचे इवलेसे कंपन खोली दणाणून सोडते ते असे.

१९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मास आला आणि पुढे दोन-तीन दशकांत घरोघरच्या रेडिओतून व्हॉल्व्ह हद्दपार झाले. मग गिटारवाल्यांनीच त्यांना का धरून ठेवले? येथे आम्हांस आमच्या सौभाग्यवतींचा मिरजेचा तानपुरा आठवतो. घोडीवर तारेखाली सुताचा धागा योग्य जागी सरकवला की तार घोडीस जराशी घासत कंप पावते आणि एका स्वरातून अनेक वरचे स्वर उमलू लागतात. तिला आपण जवारी म्हणतो. काटेकोर भौतिकशास्त्रज्ञ म्हणेल की तारेचे शुद्ध कंपन येथे बिघडले. आपला कान म्हणतो की तानपुरा आता कोठे बोलू लागला. व्हॉल्व्हकडून त्याच्या ताकदीपलीकडे काम करून घेतले की तोही सुराची टोके हळूहळू गोलसर दाबू लागतो आणि मूळ स्वरात नवे उपस्वर मिसळतो. साध्या ट्रान्झिस्टर-मंडलात तीच टोके सुरीने कापल्यासारखी एकदम तुटतात. रेडिओस हा गुण दोषच होता. गिटारवादकांनी त्यासच आपला कंठ मानले. शिवाय बोट हलके पडले तर स्वच्छ आणि जोरात पडले तर खरखरीत, असा जो हाताला प्रतिसाद मिळतो तो वादकास फार प्रिय.

आता नव्या पाहुण्याकडे वळू. प्रतिध्वनीसाठी पूर्वी फीत फिरविणारी यंत्रे होती, घुमाऱ्यासाठी पेटीत स्प्रिंगा ताणलेल्या असत. संगणकविद्या आली तसे हे काम आकड्यांनी होऊ लागले. पायाखाली मावेल असे प्रतिध्वनीचे डिजिटल यंत्र १९८३ साली बाजारात आले. आजचे प्रोसेसर दर सेकंदास साधारणतः ४८,००० वेळा सुराचे मोजमाप घेतात, त्या आकड्यांवर हिशेब करतात आणि पुन्हा आकड्यांचा सूर करून देतात. या साऱ्यास दोन-चार सहस्रांश सेकंद लागतात. आवाजास एक मीटर अंतर तोडावयास सुमारे तीन सहस्रांश सेकंद लागतात, म्हणजे स्पीकरपासून एखादे पाऊल मागे सरकून उभे राहावे इतकाच हा विलंब. त्यावरून डिजिटल यंत्रास नावे ठेवण्यात अर्थ नाही.

परंतु अलीकडच्या प्रोसेसरना आणखी एक विद्या अवगत आहे, आणि सारा घोटाळा तिच्यात होता. ते केवळ प्रतिध्वनी देऊन थांबत नाहीत. नामांकित व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायरांची हुबेहूब नक्कल करतात, इतकेच नव्हे तर अ‍ॅम्प्लिफायरच्या स्पीकरची आणि त्या स्पीकरसमोर ठेवलेल्या मायक्रोफोनचीही नक्कल करतात. ज्याच्याजवळ खरा अ‍ॅम्प्लिफायर नाही, ज्यास फ्लॅटमध्ये रात्री कानाला हेडफोन लावूनच वाजवायचे आहे, त्यास हे वरदानच. पण आमच्या पुतण्याजवळ खरा अ‍ॅम्प्लिफायर होता. नकली अ‍ॅम्प्लिफायरमधून निघून नकली स्पीकर ओलांडून आलेला सूर तो खऱ्या अ‍ॅम्प्लिफायरमध्ये शिरवून खऱ्या स्पीकरमधून काढीत होता.

मिस्त्रीकाकांना प्रोसेसरच्या पडद्यावरील इंग्रजी अक्षरे वाचता येत नव्हती. त्यांनी पुतण्यास प्रत्येक चौकटीचा अर्थ विचारला. शेवटची चौकट ऐकून ते हसले आणि म्हणाले, “अरे पोरा, आमटीत सासूने मीठ घातले, सुनेनेही घातले. आता तू पातेल्याला दोष देतोस!”

गिटारीच्या स्पीकरची एक खोड अशी की, सुमारे ५,००० कंपनांच्या वरचे स्वर तो झपाट्याने गाळतो. त्यानेच तर खरखर सुसह्य होते. ही गाळणी प्रोसेसरने एकदा लावली, खऱ्या स्पीकरने दुसऱ्यांदा लावली, म्हणून गोधडी. नकली व्हॉल्व्हने सुराची टोके एकदा दाबली, खऱ्या व्हॉल्व्हने ती पुन्हा दाबली, म्हणून भुंगा. पुतण्याने पडद्यावरील अ‍ॅम्प्लिफायर आणि स्पीकर या दोन चौकटी बंद केल्या आणि एक तार छेडली. स्वयंपाकघरातील भांड्यांचा आवाज थांबला, हे आम्ही ऐकले.

पण अर्धेच काम झाले होते. गिटार वाजेना तेव्हाही ती गुरगुर होतीच. मिस्त्रीकाकांनी गुडघे टेकून भिंतीकडील तारा तपासल्या आणि त्यांचा चेहरा बदलला. अमेरिकेत घरातील वीज १२० व्होल्टची, आपली २३० ची. म्हणून मामांनी दाब उतरविणारा ट्रान्सफॉर्मर आणला होता आणि तो ठीक होता. तो नसता तर पेटी एका क्षणात जळाली असती. मात्र त्या ट्रान्सफॉर्मरच्या आणि भिंतीच्या मध्ये पुतण्याने दोन पिनांचा एक तुकडा खोचला होता. एका दुकानदाराने सांगितले होते म्हणे, की अर्थिंग तोडले की गुरगुर जाते. ती थोडी कमीही झाली होती.

मिस्त्रीकाकांनी तो तुकडा उपटून खिशात घातला. आम्ही त्यांना इतके संतापलेले पूर्वी पाहिले नव्हते. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. गिटारीच्या धातूच्या तारा वायरीच्या आवरणातून अ‍ॅम्प्लिफायरच्या लोखंडी सांगाड्याशी जोडलेल्या असतात. आत काही बिघडून सांगाड्यात वीज उतरली, तर तिसरी पिन ती जमिनीत नेते आणि फ्यूज उडतो. तिसरी पिन नसेल तर ती वीज वाजविणाऱ्याच्या बोटांत वाट पाहत बसते. त्याने गाण्यासाठी मायक्रोफोनला ओठ लावले की ती त्याच्या शरीरातून वाट काढते.

ही केवळ भीती नव्हे. १९७२ च्या मे महिन्यात वेल्समधील स्वान्सी येथे ‘स्टोन द क्रोज’ या स्कॉटिश वृंदातील गिटारवादक लेस हार्वी यास कार्यक्रम चालू असता रंगमंचावरच विजेचा धक्का बसला आणि तो गेला. अर्थिंग नीट नसलेल्या मायक्रोफोनला त्याचा हात लागला होता. वय पंचविशीच्या आसपास, आमच्या पुतण्याएवढेच. आम्ही हे सांगितले तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या, हे आमच्या उशिरा ध्यानात आले.

मग गुरगुरीचे काय? अ‍ॅम्प्लिफायरला आणि प्रोसेसरला आपापले अर्थिंग असते आणि शिवाय सुराच्या वायरीचे आवरणही दोघांना जोडते. असे वर्तुळ पुरे झाले की मुख्य विजेची ५० कंपनांची गुणगुण त्यात शिरते. उपाय वर्तुळ तोडण्याचाच, पण विजेच्या बाजूने कदापि नव्हे, सुराच्या बाजूने. दोन्ही यंत्रे भिंतीवरच्या एकाच जागेतून वीज घेऊ द्यावीत. तेवढ्याने न भागल्यास सुराच्या एका वायरीत लहानसा विलगक ट्रान्सफॉर्मर घालावा. तो जोडणीस स्वस्त आणि जिवास निर्धोक.

यानंतर मिस्त्रीकाकांनी पेटीच्या पाठीवरील दोन भोकांकडे बोट दाखविले. एकावर ‘सेंड’ लिहिले होते, दुसऱ्यावर ‘रिटर्न’. व्हॉल्व्ह-अ‍ॅम्प्लिफायरची दोन दालने असतात. पहिल्यात सुराचा पोत ठरतो, खरखर आणावयाची ती येथे येते. दुसऱ्यात त्यास स्पीकर हलविण्याचे बळ मिळते. ‘सेंड’मधून सूर पहिल्या दालनातून बाहेर येतो आणि ‘रिटर्न’मधून दुसऱ्यात परत जातो. प्रतिध्वनी आणि घुमारा देण्याची खरी जागा या दोहोंच्या मध्ये. तसे न करता प्रतिध्वनी आधीच दिला आणि मग पहिल्या दालनाने सुराची टोके दाबली, तर विरत जाणारे प्रतिध्वनीही मूळ सुराच्या बरोबरीने वर उचलले जातात आणि सगळ्यांचा चिखल होतो. स्वयंपाकातील फोडणी आणि कोथिंबीर यांचा क्रम ज्यास कळतो त्यास हे वेगळे शिकविण्याची गरज नाही. खरखरीच्या कळा आणि पायाने सुराचे तोंड उघडमीट करणारा वाहवाह ही फोडणी, ती अ‍ॅम्प्लिफायरच्या आधी. प्रतिध्वनी आणि घुमारा ही कोथिंबीर, ती नंतर.

एकाच प्रोसेसरकडून दोन्ही कामे घ्यावयाची असतील तर वादक चार वायरी वापरतात. गिटारीतून प्रोसेसरमध्ये पहिली; प्रोसेसरमधून अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी दुसरी; अ‍ॅम्प्लिफायरच्या ‘सेंड’मधून पुन्हा प्रोसेसरमध्ये तिसरी; आणि प्रोसेसरमधून ‘रिटर्न’मध्ये चौथी. ऐकावयास किचकट वाटते, पण एकदा प्रत्येक वायरीस रंगीत दोरा बांधला की लहान मूलही जोडील. आमच्या घरी ते काम सौभाग्यवतींच्या भरतकामाच्या दोऱ्यांनी केले.

पुढचा प्रश्न पातळीचा. गिटारीचा सूर व्होल्टच्या अंशांत मोजावा इतका दुबळा असतो, तर स्टुडिओतील यंत्रे सव्वा व्होल्टच्या आसपासची पातळी धरून चालतात. प्रोसेसरमध्ये यासाठी ‘इन्स्ट्रुमेंट’ आणि ‘लाइन’ असे दोन पर्याय असतात. अ‍ॅम्प्लिफायरच्या तोंडाशी जाणाऱ्या वायरीस पहिलाच हवा. ‘रिटर्न’ला कोणता, ते अ‍ॅम्प्लिफायरवर अवलंबून, कानाने ठरविण्याची युक्ती अशी की, सारे परिणाम बंद ठेवून एकदा प्रोसेसर मध्ये घालावा, एकदा काढावा. आवाज दोन्ही वेळा सारखाच राहिला पाहिजे. आणि पेटीत स्वतःचा स्प्रिंगचा घुमारा असेल तर प्रोसेसरचा बंद ठेवावा, नाहीतर पुन्हा तेच मीठ.

काही जुन्या धाटणीच्या पेट्यांना ‘सेंड’ आणि ‘रिटर्न’ नसतात. त्यांच्या मालकांनी खंत करू नये. अ‍ॅम्प्लिफायरचा आवाज स्वच्छ ठेवला तर सगळे परिणाम त्याच्या आधी दिले तरी चिखल होत नाही, कारण पुढे टोके दाबणारे कोणी उरत नाही.

नकली स्पीकरची चौकटही कायमची निरुपयोगी नव्हे. मोठ्या मंडपात पेटीचा आवाज पुरत नाही, तो ध्वनिक्षेपकाकडे न्यावाच लागतो. पेटीसमोर मायक्रोफोन ठेवला तर ती चौकट नको. प्रोसेसरमधून थेट वायर ध्वनियोजकाच्या मेजाकडे न्यावयाची असेल, तर तेवढ्या एका वायरीपुरती ती चौकट अवश्य हवी, कारण त्या वाटेवर गिटारीचा खरा स्पीकर येतच नाही.

निरोप घेता घेता मिस्त्रीकाकांनी आणखी दोन गोष्टी बजावल्या. व्हॉल्व्हची पेटी स्पीकर जोडल्यावाचून सुरू करून वाजवू नये. निघालेल्या शक्तीस जावयास वाट नसली की आतला ट्रान्सफॉर्मर जळण्याचा संभव असतो. आणि पाठ उघडून आत हात घालू नये; प्लग काढल्यानंतरही कपॅसिटरमध्ये प्राणघातक वीज साठून राहू शकते. पुतण्याने पैसे पुढे केले. त्यांनी ते घेतले नाहीत, मात्र गिटारीवर एखादे जुने गाणे वाजविण्यास सांगितले आणि पायाने ठेका धरीत ऐकले.

आमच्या घरी आता दोन पक्ष उरलेले नाहीत. ज्या सौभाग्यवती इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यास इतकी वर्षे नाक मुरडीत आल्या, त्यांनी प्रवासापुरता तो घेण्यास यंदा संमती दिली. मिरजेचा तानपुरा मात्र गवसणीसह आपल्या जागी आहे. नवरात्रात मंडपात आम्ही सहकुटुंब गेलो होतो. पेटीसमोर मायक्रोफोन होता, पायाशी प्रोसेसर होता आणि गिटारीचा घुमारा शेवटच्या रांगेपर्यंत पोचत होता. वहिनी बायकांच्या रांगेत बसल्या होत्या. घरी येताना त्या एवढेच म्हणाल्या, “दादाची पेटी इतकी चांगली वाजते, हे त्याला तरी माहीत होते की नाही कोण जाणे.”

पेटीच्या पाठीवर मामांनी इंग्रजीत लिहिलेली एक जुनी चिठ्ठी होती. तिची शाई आता पुसट झाली आहे. पुतण्याने तिच्याखाली मराठीत दुसरी डकवली आहे: ‘१२० व्होल्ट. प्लग तीन पिनांचाच. स्पीकर जोडल्याशिवाय सुरू करू नये. विकणे नाही.’